१९९० नंतरचा सर्वोत्तम कसोटी संघ: दहा नावं सापडली, दुसरा सलामीवीर सापडेना

तिसरी_स्लिप

कागदावर अकरा रेघा ओढून तीन आठवडे झाले. दहांवर नावं आहेत, त्यातली बहुतेक पहिल्या पाच मिनिटांत पडली. दुसऱ्या क्रमांकाची रेघ अजून कोरी आहे.

नियम माझेच, म्हणून आधी सांगतो. कारकिर्दीचा मोठा हिस्सा १९९० नंतरचा हवा. फलंदाज असेल तर किमान ५००० कसोटी धावा, गोलंदाज असेल तर २०० बळी. एकदिवसीय आणि वीस षटकांचे पराक्रम दाराबाहेर ठेवून यायचं. आणि मुख्य अट: सामना कुठे आहे ते नाणेफेकीच्या सकाळीच कळणार. पर्थची उसळी असेल, हेडिंग्लीचे ढग असतील, नाहीतर गॉलची धूळ. संघ एकच, ऐनवेळी बदल नाही.

माझा कागद: सेहवाग, (कोरी रेघ), पाँटिंग, सचिन, लारा, कॅलिस, गिलख्रिस्ट, अक्रम, वॉर्न, अँब्रोज, मॅकग्रा.

मधल्या फळीत चेंगराचेंगरी आहे. द्रविड, संगकारा, स्टीव्ह वॉ, युनूस खान, स्टीव्ह स्मिथ बाहेर उभे आहेत. वरच्या टोकाला मात्र दुष्काळ. असं का? आणि ती रेघ कोणाच्या नावाने भरू?

शून्यावर_बाद

द्रविड बाहेर. बरं. धागा उडवण्यासाठी अर्ज कुठे करायचा?

भिंतीआड

शून्यावर_बाद यांच्या अर्जावर माझीही सही घ्या.

धागाकर्ते, अट तुम्हीच घातलीत ना, सामना कुठेही होईल म्हणून? मग तिसऱ्या क्रमांकावर पाँटिंग कसा? भारतात १४ कसोटी आणि सरासरी २६ च्या आसपास. २००१ च्या मालिकेत पाच डावांत मिळून १७ धावा. हरभजन हातात चेंडू घेऊन नुसता धावायला लागला तरी त्याचा पुढचा पाय आधीच पुढे पडलेला असायचा. गॉलची धूळ निघाली तर काय करणार?

उलट द्रविडची परदेशातली सरासरी घरच्यापेक्षा जास्त, ५३. हेडिंग्ली २००२ चे १४८ बघा. ओली खेळपट्टी, डोक्यावर ढग, आणि नाणेफेक जिंकून आपण स्वतःहून फलंदाजी घेतलेली! अडीलेड २००३ ला २३३ आणि ७२ नाबाद, रावळपिंडी २००४ ला २७०. किंग्स्टन २००६ ला चेंडू कधी गुडघ्याला, कधी नाकाला, आणि सामन्यात दोन्ही बाजूंचे फलंदाज टपाटप पडत असताना याचे ८१ आणि ६८. तुमच्याच अटीत तुमचा पाँटिंग बसत नाही.

जुनं_पॅड

१९९० चीच रेघ का? मार्शल गेला, इम्रान गेला, हॅडली गेला, गावसकर गेला. सुनील असता तर हा धागाच निघाला नसता. दोन ओळींत विषय संपला असता.

तिसरी_स्लिप

जुनं_पॅड काका, म्हणूनच तर रेघ तिथे मारली. सोपा पेपर नको होता.

गमतीचा भाग सोडा. १९९२ ला दक्षिण आफ्रिका परत आली, १९९४ पासून एक पंच तिऱ्हाईत देशाचा सक्तीचा झाला, त्याच काळात षटकात किती बाऊन्सर टाकायचे यावर बंधन आलं. खेळच बदलला, म्हणून १९९०.

भिंतीआड, पाँटिंगबद्दल तुमचं म्हणणं झोंबलं, कारण बरोबर आहे. विचार करतो.

लेगब्रेक

वॉर्नला हात लावलात तर याद राखा. ४ जून १९९३, ओल्ड ट्रॅफर्ड. ॲशेसमधला, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेतला, त्याचा पहिलाच चेंडू. लेग स्टंपच्याही बाहेर पडलेला, गॅटिंगने सभ्यपणे बॅट-पॅड पुढे नेलं आणि मागे ऑफ स्टंपची बेल खाली. गॅटिंग आधी खेळपट्टीकडे बघतो, मग पंचाकडे, मग निघतो. चेहरा असा की चोरी झालीय हे कळलंय, पण काय गेलं ते अजून मोजायचंय.

एकेरी_धाव

तो एक चेंडू झाला. मुरलीचे (मुरलीधरनचे) बळी ८०० आहेत, वॉर्नचे ७०८. सरासरी २२.७२ विरुद्ध २५.४१. डावात पाच बळी ६७ वेळा! १९९८ ला ओव्हलवर एका कसोटीत १६. याला बाहेर बसवून कोणत्या तोंडाने सर्वोत्तम संघ म्हणायचं?

लेगब्रेक

त्या ८०० पैकी १७६ बांगलादेश आणि झिम्बाब्वेचे. वॉर्नचे त्या दोघांविरुद्ध फक्त १७.

एकेरी_धाव

वजा करा. ६२४ उरतात, १०८ कसोटींत. अजूनही कसोटीमागे जवळपास सहा बळी. वॉर्नला पाचही जमत नाहीत. आणि वॉर्नची भारतातली सरासरी ४३ आहे, ती सांगायची राहिली वाटतं.

लेगब्रेक

मुरलीची ऑस्ट्रेलियातली ७५ आहे. तीही राहिली वाटतं.

नवा_चेंडू

एक भारतात चालत नाही, दुसरा ऑस्ट्रेलियात. दोघांना घ्या, मॅकग्राला काढा. :)

जुनं_पॅड

मॅकग्राला काढणाऱ्याचं सदस्यत्व काढा. ५६३ बळी, सरासरी २१.६४. ना स्विंगचा नाच, ना आरडाओरडा. दिवसभर ऑफ स्टंपच्या वर टिच्चून टाकत राहायचं आणि मालिकेच्या आधीच प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य फलंदाजाचं नाव जाहीर करून त्याला बाद करायचं. कंटाळवाणा म्हणा, पण हा कंटाळा अजून कोणाला जमलेला नाही.

गल्लीतला_क्षेत्ररक्षक

मुरलीच्या कोपराबद्दल कोणीच बोललं नाही अजून? प्रगती आहे.

संपादक

आणि बोलायचंही नाही. त्या विषयावर आधीचे दोन धागे वाचनमात्र करावे लागले आहेत. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होऊ शकतं, हा नियम सगळ्यांना लागू आहे, पुढे चला.

लाल_पेन

मी लहानपणापासून गुणलेखनाच्या वह्या भरते, त्यामुळे धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे जरा वहीतून बघते. वॉर्न-मुरली दहा वर्षं चालेल.

दुष्काळ का, याचं उत्तर समोरच्या टोकाला आहे. १९९० ते २००० मध्ये नवा चेंडू कोणाच्या हातात होता? अँब्रोज-वॉल्श, अक्रम-वकार, डोनाल्ड-पोलॉक, आणि १९९३ च्या अखेरपासून मॅकग्रा. त्या दशकात सलामीला जाणाऱ्याची सरासरी चाळीसच्या आसपास राहिली तर तो चांगला म्हणायचा. ॲथर्टनची ११५ कसोटींत ३७.६९ आहे. कोणाच्याच सर्वोत्तम संघात येणार नाही. पण १९९५ ला जोहान्सबर्गला हाच माणूस ४९२ चेंडू खेळून १८५ नाबाद राहिला आणि सामना वाचवला. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे ठिपक्यांची (धाव न निघालेल्या चेंडूंची) रांग ओळ सोडून समासात गेली होती.

२००० नंतर खेळपट्ट्या सपाट झाल्या, ती सगळी मंडळी निवृत्त होत गेली आणि सलामीवीरांच्या सरासऱ्या पन्नाशीला टेकल्या. हेडन ५०.७३, सेहवाग ४९.३४, ग्रॅम स्मिथ ४८.२५. म्हणजे ज्यांच्याकडे आकडे आहेत त्यांच्यापुढे तो मारा फारसा नव्हता आणि ज्यांच्यापुढे मारा होता त्यांच्याकडे आकडे नाहीत. तुमची रेघ कोरी राहते ती याच फटीत.

अपवाद एक सुचवते, गूच. हेडिंग्ली १९९१, समोर मार्शल, अँब्रोज, वॉल्श, पॅटरसन. इंग्लंड सर्वबाद २५२, त्यात गूच १५४ नाबाद. दुसरी सर्वोच्च धावसंख्या २७.

तिसरी_स्लिप

लाल_पेन ताई, दंडवत. मूळ धाग्यापेक्षा हा प्रतिसाद भारी आहे.

गूचचा निम्म्याहून अधिक खेळ १९९० च्या आधीचा, माझ्याच नियमात अडकतो. पण तो डाव मी विसरलोच होतो.

सिली_पॉइंट

सईद अन्वर? ४५ ची सरासरी, कोलकाता १९९९ ला १८८ नाबाद, डावाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाकी मंडळी येऊन हजेरी लावून गेली. ५५ कसोटी खेळला. धावा मात्र ४०५२, म्हणजे नियमात हाही गेला. तुमचे नियम फार कडक बुवा.

अवांतर_आजोबा

नियमावरून आठवलं. अँडी फ्लॉवर. ६३ कसोटी, सरासरी ५१.५४, यष्टिरक्षक म्हणून खेळताना तर त्याहून जास्त. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आख्खा संघ पाठीवर. नागपूरला २००० मध्ये २३२ नाबाद. आपले फिरकीपटू थकले, हा रिव्हर्स स्वीप मारत राहिला. एकूण धावा ४७९४. धागाकर्ते, २०६ धावांसाठी माणूस बाहेर? त्याला आणखी दोन-तीन मालिका खेळायला मिळाल्या असत्या तर?

तिसरी_स्लिप

वाईट वाटतंय, पण नियम तो नियम.

अवांतर_आजोबा

शाळेत एका गुणाने नापास करणारे मास्तर तुम्हीच का?

ऑफ_कटर

फ्लॉवर हवाच, पण गिलख्रिस्टच्या जागी नाही. होबार्ट १९९९, गिलीची दुसरीच कसोटी. ३६९ चा पाठलाग, ५ बाद १२६, समोर अक्रम, वकार, शोएब, सकलेन. गिली १४९ नाबाद, लँगर १२७, सामना खिशात. सातव्या क्रमांकावर ८२ चा स्ट्राइक रेट आणि ४७ ची सरासरी हे प्रकरण त्याच्या आधी नव्हतंच. त्याच्यानंतर जगभर यष्टिरक्षक निवडताना आधी बॅट बघायला लागले.

एकेरी_धाव

२००५ ची ॲशेसही आठवा. फ्लिंटॉफ अराउंड द विकेट आला आणि गिलीला अख्ख्या मालिकेत एक अर्धशतक जमलं नाही. पण सहमत, गिली पक्का. संगकाराला ग्लोव्ह्ज दिले तर सरासरी ४० वर येते, काढून घेतले की ६६ च्या वर. त्याला यष्टीमागे उभं करणं म्हणजे सोन्याच्या सुरीने दोरखंड कापणं.

नवा_चेंडू

बुमराहचं नावच कोणी घेत नाहीये. २०० कसोटी बळी घेतले तेव्हा सरासरी २० च्या खाली होती, आणि दोनशेच्या घरात पोचताना हे आजवर दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. २०२४-२५ ला ऑस्ट्रेलियात ३२ बळी, सरासरी १३. आणि २०१८ च्या मेलबर्नला उपाहाराच्या आधीचा शेवटचा चेंडू आठवा: सगळे वेगाच्या तयारीत, याने हळूच सोडलेला यॉर्कर, शॉन मार्शची बॅट येऊन गेली, चेंडू मागून आला. पायचीत. ही पोरं आमच्या काळातली म्हणून मागे ठेवताय तुम्ही लोक.

जुनं_पॅड

अरे बाळा, मागे कोण ठेवतंय? रांगेत उभा आहे तो. पुढे स्टेन आहे, ४३९ बळी, दर ४२ चेंडूंना एक. त्याच्या शेजारी डोनाल्ड. मग काढायचं कोणाला ते सांग. अँब्रोजला?

लाल_पेन

अँब्रोजला हात लावण्याआधी माझ्या वहीचं एक पान. पर्थ, ३० जानेवारी १९९३. ऑस्ट्रेलिया २ बाद ८५, सर्वबाद ११९. अँब्रोजने ३२ चेंडूंत एक धाव देऊन ७ बळी घेतले. पानावर ठिपका, ठिपका, डब्ल्यू (म्हणजे बळी), ठिपका, डब्ल्यू, डब्ल्यू. पहिल्या झटक्यात वाटलं आपण षटक चुकीच्या रकान्यात लिहितोय.

नवा_चेंडू

ताई, माघार. अक्रम तरी पक्का का? सरासरी २३.६२, बुमराहपेक्षा जास्त.

भिंतीआड

अक्रमबद्दल द्रविडच्या भक्ताने बोलायची वेळ आली म्हणजे बघा. चेन्नई, १९९९. २७१ हव्या होत्या. चेंडू लेग स्टंपच्या रोखाने आला, द्रविड त्या रेषेत बॅट सरळ ठेवून खेळला, आणि पडल्यावर चेंडूने बाहेरची वाट धरली ती थेट ऑफ स्टंपवर. द्रविडने काय चुकवलं? काहीच नाही. पंचवीस वर्षांत तो चेंडू मी निदान शंभर वेळा बघितला असेल. दर वेळी वाटतं, या वेळी बॅटला लागेल.

मग सचिनचे १३६, पाठीचं दुखणं, आणि १७ हव्या असताना तो बाद. उरलेले तीन गडी ४ धावांत गेले. १२ ने गेलो. जाऊ दे.

शून्यावर_बाद

सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभे राहा.

गल्लीतला_क्षेत्ररक्षक

त्यानंतर दोनच महिन्यांनी ब्रिजटाऊनला लाराने ३०८ चा पाठलाग एकहाती केला, १५३ नाबाद, शेवटी वॉल्श सोबतीला. तिथे हीलीच्या हातून लाराचा झेल सुटला होता. नशिबाचे दोन वाटे, एक चेन्नईला आला, दुसरा ब्रिजटाऊनला.

लाराबद्दल अजून एक. श्रीलंका, २००१, तीन कसोटींत ६८८ धावा. शेवटच्या कसोटीत २२१ आणि १३०, तरी संघ दहा गड्यांनी हरला. मुरलीला इतकं कोणीच कुटलं नसेल, आणि मालिका ०-३.

सिली_पॉइंट

सचिन की लारा सुरू करू नका, माझी उद्या सुट्टी नाही.

ऑफ_कटर

मूळ प्रश्न. द्रविडलाच सलामीला पाठवा! लाहोर २००६, सेहवागबरोबर ४१० ची भागी. मंकड-रॉय यांच्या सलामीच्या तेव्हाच्या विक्रमी ४१३ ला तीन कमी पडले. आणि ओव्हल २०११, संघ सर्वबाद ३००, सलामीला गेलेला द्रविड १४६ नाबाद. लगेच फॉलोऑन मिळाला, तर दहा मिनिटांत पॅड न सोडता पुन्हा सलामीला. पाँटिंग तिसरा राहतो, द्रविड आत येतो, सगळे खूश.

भिंतीआड

आम्ही खूश नाही. आयुष्यभर त्याला हेच करायला लावलं. यष्टिरक्षक नाही? द्रविड. सलामीवीर नाही? द्रविड. कागदावरच्या संघात तरी त्याला त्याच्या जागेवर खेळू द्या.

अवांतर_आजोबा

मुलतान २००४ ला द्रविडने डाव घोषित केला तेव्हा सचिन १९४ वर...

भिंतीआड

आजोबा, हात जोडतो.

एकेरी_धाव

माझं मत ग्रॅम स्मिथ. या संघाला कर्णधार कोण, कोणी विचार केलाय? स्मिथने १०९ कसोटींत नेतृत्व केलं. २००३ ला इंग्लंडमध्ये लागोपाठ २७७ आणि २५९, वय बावीस. सिडनी २००९ ला मोडलेला हात घेऊन अकराव्या क्रमांकावर आला, सामना वाचवायला ८.२ षटकं काढायची होती. दहा चेंडू उरले असताना जॉन्सनने त्रिफळा उडवला. हरला, पण ड्रेसिंग रूममधून उतरला. सेहवागसोबत डावा-उजवा जोडीही जमते.

नवा_चेंडू

आणि समोर झहीर खान असेल तर? त्याने स्मिथला अगदी गिऱ्हाईक करून टाकलं होतं.

लाल_पेन

समोर कोण असेल हा प्रश्न बरा काढलात. इतके दिवस आपण संघ निवडतोय, पण खेळणार कोणाशी? जे बाहेर राहिले त्यांचाच संघ करून बघते: हेडन, कुक, द्रविड, संगकारा, स्टीव्ह स्मिथ, युनूस, फ्लॉवर (मी ५००० चा नियम मानत नाही), पोलॉक, स्टेन, मुरली, बुमराह.

आता सांगा, पैसे कोणावर लावाल?

शून्यावर_बाद

ताईंच्या संघावर. बिनशर्त.

जुनं_पॅड

अगं, हा तर वरचढ वाटतोय!

ऑफ_कटर

आणि मूळ प्रश्नही उलटा झाला. दुसरा सलामीवीर कोण, असं नको विचारायला. ढगाळ हेडिंग्लीवर स्टेन आणि बुमराह नवा चेंडू घेऊन आले तर समोर कोण टिकेल, ते बोला. मग हेडनपेक्षा मला ताईंच्या संघातला कुकच पळवावासा वाटतो. सरासरी ४५ ची, दिसायला सुतारकाम. पण २०१०-११ ला ऑस्ट्रेलियात ७६६ धावा आणि २०१२ ला भारतात लागोपाठ तीन कसोटींत तीन शतकं, अश्विन-ओझासमोर, कर्णधार म्हणून, मालिका जिंकून. उसळी आणि धूळ, दोन्हीकडे धावा. ‘सामना कुठेही’ ही अट ज्याला लागू पडते असा सलामीवीर मला तरी तोच दिसतो.

एकेरी_धाव

त्याच चाळणीने सेहवागला चाळा मग. दक्षिण आफ्रिकेत सरासरी २५. इंग्लंडमध्येही तिशीच्या आत. २०११ ला एजबॅस्टनला दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर शून्य.

भिंतीआड

अहो, पण गॉल २००८? मेंडिस कोणालाच कळत नव्हता, मुरली दुसऱ्या टोकाला, संघ सर्वबाद ३२९ आणि त्यात सेहवाग २०१ नाबाद. चेन्नईचे ३१९ स्टेन-एन्टिनी-मॉर्केलसमोरचे. मेलबर्नचे १९५ पहिल्याच दिवशी. तो ज्या दिवशी चालतो त्या दिवशी सामना चहापानाच्या आत संपतो.

एकेरी_धाव

आणि ज्या दिवशी नाही चालत, त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा माणूस दुसऱ्याच चेंडूला आत येतो. म्हणून तर द्रविड तिसरा हवा. हे माझ्याकडून लेखी घ्या.

भिंतीआड

घेतलं. चौकट करून लावतो.

तिसरी_स्लिप

पाँटिंग खोडला, द्रविड लिहिला. दुसऱ्या रेघेवर पेन्सिलीने कुक. आणि एकेरी_धाव यांच्या कृपेने सेहवागच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. एक जागा भरायला आलो होतो, आता दोन्ही डळमळल्या.

कर्णधारही राहिलाच.

नाइटवॉचमन

आताच आख्खा धागा वाचला. सलामीला कोणी मिळत नसेल तर गोलंदाज गिलेस्पीचं बघा. चितगाव २००६, रात्रीचा पहारेकरी (दिवस संपताना मुख्य फलंदाजाऐवजी पाठवतात तो) म्हणून आला आणि २०१ नाबाद राहिला. सरासरी फक्त १८ आहे, पण द्विशतक बघून घ्या.

अवांतर_आजोबा

धावा ५००० आहेत का त्याच्या?

तिसरी_स्लिप

आजोबा, बळी २५९ आहेत. नियमात बसतो.